पाठीमागची फेक

१४ सप्टेंबर १९९७, रविवार. पेण.

दामू म्हात्रेने आज माझ्यादेखत जिताड्याचं डोकं फोडलं. खाडीच्या बांधातल्या उघाडीच्या सिमेंटच्या कठड्यावर, बांबूच्या दंडुक्याने, सहा वेळा. पहिल्या घावातच मासा गेला होता. उरलेले पाच माझ्यासाठी होते; प्रत्येक घावाला माझ्याकडे बघत होता. गळ पार पोटात गिळलेला. तो काढायला कल्ल्यातून दोन बोटं घातली आणि आतडं ओढून बाहेर काढलं. ते हातात धरून म्हणाला, "बगा म्याडम, पोटभर जेवून मेला. आमी निदान खायाला घालतो. तुमी नुसती पिसं दाखवता."

बांधावरचे सगळे बिडीवाले हसले.

मी म्हटलं, जिवंत कोळंबीच्या पाठीत लोखंड खुपसून तासभर बसायला अक्कल लागत नाही म्हात्रे, नुसतं बूड लागतं. मग तेच लोक त्याच्यावर हसले. त्याचा चेहरा उतरलेला बघून समाधान वाटलं. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

भांडण जागेचं आहे. ओहोटीला उघाडीच्या फळ्या वर उचलतात, शेतांतलं पाणी धो धो खाडीत पडतं, त्यातून बोयटाची पिल्लं वाहत येतात, आणि खाली जिताडे तोंड वासून उभे असतात. त्या डोहावर उभं राहायला कठडा एकच, दहा फुटांचा. तो चाळीस वर्षं तिथे बसतो. मी तीन वर्षं उभी राहते. माझी दोर फेकायची तर पाठीमागे तीस फूट मोकळी जागा लागते, कारण दोर आधी मागे सरळ जाते आणि मग पुढे. त्याला मागेपुढे काहीच लागत नाही. टाकली कोळंबी, लावली बिडी.

१५ सप्टें.

इब्राहिमभाईंच्या चिकनच्या दुकानातून लाल कोंबड्याच्या मानेची पिसं आणली. माझ्यासाठी वर्तमानपत्रात बांधून ठेवतात. म्हणाले, "मॅडम, कोंबडा मेला तुमच्या माशीसाठी, आणि मासा तुम्ही देता सोडून. वर गेल्यावर त्या कोंबड्याला मी काय सांगू?" मी पुडी पिशवीत टाकून निघाले.

दुपारभर गळावर पिसं गुंडाळून चार माश्या, म्हणजे खोटी आमिषं, बांधल्या. पपा म्हणायचे म्हणून मीही माशीच म्हणते. इथल्या दिसतात बोयटाच्या पिल्लासारख्या. बांधून झाल्यावर प्रत्येक गळाचा उलटा काटा कानशीने घासून सपाट केला. नीलगिरीला धरणावर पपांबरोबर ट्राउट धरायचे तेव्हापासूनचा नियम. त्या पाण्यात पिसाची माशीच चालायची. गांडूळ लावलेला माणूस सापडला तर रखवालदार त्याची दांडी मोडायचा. उलटा काटा नसला की गळ आला तसा निघतो, मासा जिवंत जातो. सुटायचा असेल तर सुटतोही. ती त्याची संधी, पपा म्हणायचे.

उघाडीवरच्या प्रत्येकाला हे मी ऐकवलंय. हातात गळ देऊन, बोट फिरवायला लावून.

१८ सप्टें., गुरुवार.

तिसरा जिताडा सुटून गेला. मोठा, सात-आठ किलोचा नक्की. डोहातून उडाला, हवेत डोकं झटकलं, आणि दोर सैल. काटा नसलेला गळ सुटून माझ्या पायाशी येऊन पडला.

दामू म्हात्रे अजिबात हसला नाही. हे जास्त वाईट. नुसतं म्हणाला, "तुमाला धरायचाच नसतो. तुमाला खेलायचा असतो. देवानं दिलेलं अन्न तोंडात लोखंड घालून फिरवायचं आन् परत फेकायचं. कोन शिकिवलं वं तुमाला असं? त्या साळंतल्या गोऱ्या बायांनी?"

मी म्हटलं, नन्सनी मला मुकाट्याने मार खायला शिकवलं, बाकी मी स्वतः शिकले.

"मंग धरून दाखवा. येक. कठड्यावर आना आन् मना सांगा, ह्यो धरला."

ओळीने पंधरा माणसं ऐकत होती.

१९ सप्टें.

एका गळाचा काटा घासला नाही. एकाच.

२० सप्टें., शनिवार.

माझा गळ दामू म्हात्रेच्या डाव्या डोळ्यात.

तो ओरडला नाही. पुढचं उद्या.

२१ सप्टें.

ओहोटी दुपारी लागली. चारच्या सुमाराला मी फेकायला सुरुवात केली. वारा आडवा होता, माझी दोर दोनदा त्याच्या दोरीवर पडली. दुसऱ्यांदा गुंता झाला आणि त्याची कोळंबी सुटली. म्हणाला, "अजून येकदा पडली तर कापीन." मी म्हटलं, वाऱ्याला सांगा. तिसऱ्यांदा पडली. मी ओढून घेतली आणि परत फेकायला मागे झटका दिला. दोर मागे अडली. झाडात अडकते तशी नाही. मऊ.

वळले. तो माझ्यामागे पाच-सहा हातांवर उभा होता. डोळ्यातून लाल पिसं बाहेर आलेली.

माझ्या हातात दांडी ताणलेली होती, दोर ताणलेली होती, आणि मला हलताच येईना. त्यानेच एका हाताने दोर मुठीत पकडली, डोळ्याच्या वीतभर पुढे, आणि म्हणाला, "ढील द्या. म्याडम, वढू नका. ढील द्या." माशाला खेळवताना आम्ही एकमेकांना ओरडून सांगतो, त्याच शब्दांत.

त्याच्या पायाशी त्याचीच सुरी उघडी पडली होती. मी तिनेच दोर कापली.

टमटममध्ये घालून पेणला नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला पिसं हलत होती. खारपाड्याकडून येणारे ट्रक आम्हाला वाट देत नव्हते, मी खिडकीतून ड्रायव्हर लोकांना जे शब्द वापरले ते मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि माझ्यासमोर म्हणाले, "ह्याला उलटा काटा आहे. नसता तर आला तसा निघाला असता. आता पुढे ढकलून काटा तोडून काढावा लागेल, आत सगळं फाटणार. मुंबईला न्या."

दामूने न फुटलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. बोट फिरवायला मी त्यालाही दिला होता गळ. गेल्या वर्षी.

त्याची बायको, हिरा, तिथेच आली. आल्या आल्या मला उजव्या हाताने थोबाडीत दिली, मग डाव्या हाताने. बांगडीने गाल कापला. मी उभी राहिले. तिसरी द्यायला हात उचलला आणि मग तिथेच जमिनीवर बसली.

२२ सप्टें.

सकाळी दामूचा पुतण्या रमेश दोघांना घेऊन घरात घुसला. दार मीच उघडलं होतं, चहाचं भांडं हातात होतं. मला म्हणाला, "म्हातारे, कुठं हाय ती काठी?"

पपांची दांडी. बांबूच्या सहा फाका चिकटवून केलेली, एका विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाने त्यांना दिलेली, पन्नास वर्षं जुनी. त्याने ती गुडघ्यावर मोडली. एकदा मोडून भागलं नाही, तुकड्यांचे तुकडे केले. माश्यांचा डबा गटारात उपडा केला. साठ-सत्तर माश्या, पिसं पाण्यावर पसरली. मग त्याने भिंतीवरचा पपांचा फोटो काढायला हात घातला.

खलबत्त्याचा बत्ता ओट्यावर होता. मी त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. परत मारणार होते, खांद्यावर, नाही, डोक्यावर. डोक्यावरच मारणार होते. शेजारच्या कुलकर्ण्यांनी मागून धरलं. रमेश मनगट छातीशी धरून रडत होता, ओरडत होता, काकांचा डोला घेतलास, तुजे दोन्ही काढीन.

मी त्या फोटोसाठी मारलं असं कुलकर्ण्यांना सांगितलं. त्याला मारताना बरं वाटत होतं. तेही इथे लिहून ठेवते.

२४ सप्टें.

शालू वरशाहून आली. धाकटी बहीण, पण लहानपणापासून माझी आई असल्यासारखी वागते. पंधरा वर्षं मी रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये असताना तिच्याकडे राहिले, त्याचं भाडं ती उपदेशाच्या रूपात अजून वसूल करते.

"ताई, तू एक शब्द बोलायचा नाहीस. तो मागून आला. तुला मागे डोळे आहेत का?"

"शालू, डोळ्यांचा विषय काढू नकोस."

"एकसष्ट वर्षांची बाई, निवृत्त, इंग्रजी बोलणारी. हवालदार तुला खुर्ची देईल. तू फक्त अपघात म्हण आणि सही कर. आणि मग इथलं सगळं आवर आणि वरशाला ये. मासे पकडायचे तर कुंडलिका आहे ना आमच्याकडे."

कुंडलिकेत कंपनीवाले काय काय सोडतात ते मी पंधरा वर्षं स्वतः तपासलंय. तिथले मासे ज्याला हवे त्याने पकडावेत.

गालावरची जखम धुतली तिने. हळुवार. मग विचारलं, "काटा घासलेला नव्हता?" तिलाही माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे मी काटे घासते. मी म्हटलं, एक राहून गेला असेल. तिने परत विचारलं नाही.

२६ सप्टें.

हवालदार आले. त्यांनी मला खुर्ची दिली, माझ्याच घरात. रमेशच्या मनगटाबद्दल तक्रार कुणी केलीच नाही, तीन धट्टेकट्टे पुरुष एका म्हातारीकडून मार खाऊन आले असं कोण लिहून देणार.

"मागे बघितलं नव्हतं ना, बाई?"

"नाही."

"वाऱ्याने झालं म्हणायचं."

"म्हणा."

लिहिलं. मी सही केली. "काय सुंदर अक्षर," म्हणाले. सिस्टर आग्नेस लाकडी पट्टीने बोटांच्या पेरांवर मारायची, त्यातून आलेलं अक्षर आहे. दामूचा जबाब झाल्याशिवाय कागद पुरा होत नाही, तो मुंबईहून आला की बघू, असं सांगून गेले. जाताना विचारलं, "तो मागे कशाला आला होता?" मी म्हटलं, माहीत नाही.

दोन खोटी उत्तरं. एका कप चहात.

२७ सप्टें.

त्या दिवशी उन्हं पाठीमागून होती. कठड्यावर माझी सावली पुढे पाण्यावर पडत होती, लांबलचक. दोर ओढून घेतली तेव्हा माझ्या सावलीच्या शेजारी दुसरी सावली आली. खांदे, डोकं. हातात काहीतरी.

मी ती पाहिली.

किती वेळ पाहिली? एक श्वास. दांडी थांबवायला एक श्वास पुरतो. एकदा तीन वर्षांची एक मुलगी मागून धावत आली होती तेव्हा मी थांबवली होती, अर्ध्या फेकीत, खांदा लचकला होता. मला थांबता येतं.

त्या श्वासात मनात काय होतं तेही लिहिते, नाहीतर ही वही जाळून टाकावी. मनात होतं: ये. ये मागे. बघ कसं लागतं.

डोळा मनात नव्हता. कान, गाल, सदरा, काहीही. थोडं रक्त यावं एवढंच.

गळाला काटा आहे हे आठवत होतं.

२९ सप्टें., सोमवार.

हिरा दारात. मला वाटलं परत मारायला आली. आत बोलावलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदराने तोंड पुसत.

"डाक्तर म्हनतो डोला काढायचा. सडतोय आतून. नाय काढला तर त्याच्या पायी दुसरा बी जाईल म्हनतो. लागल्यापासनं दोन आठवड्यांच्या आत काढायचा. आन् ह्यो आयकत नाय. म्हनतो, फुटका असला तरी माजा हाय."

"मग मी काय करू?"

"डाक्तर इंग्रजीत बोलतो, आमाला अर्धं समजतं. तुमी या. समजून घ्या आन् त्याला सांगा." थोडं थांबून, "तो तुमचं आयकंल. भांडला तरी आयकतो तुमचं. घरी येऊन तुमचंच सांगत असतो. रोज. आज बाई अशी बोलली, आज तशी बोलली."

मी पिशवी भरली.

१ ऑक्टो. मुंबई.

वॉर्डात चाळीस खाटा, फिनेलचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या बोंबलाचा वास. दामू खिडकीशी. अर्धं डोकं पट्टीत. एवढा लहान दिसला की चीड आली. कठड्यावर बसलेला माणूस केवढा वाटायचा.

आधी डॉक्टरांना गाठलं. तरुण, घाईत, नजर घड्याळावर. मी इंग्रजीत त्यांना इतकं झापलं की ते खुर्चीवर बसले आणि चित्र काढून समजावलं. फुटलेल्या डोळ्यावर शरीर चिडतं, आणि चिडलेलं शरीर चांगल्या डोळ्यालाही शत्रू समजतं. सगळ्यांचं होत नाही. झालं तर दोन्ही जातात. शनिवारच्या आत काढला तर धोका टळेल.

हे मी दामूला जसंच्या तसं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. हिरा पायाशी बसली होती.

"हिरे, जा गो, च्या घेऊन ये."

ती गेली.

"काढतो," तो म्हणाला. "पन आदी येक सांग." पहिल्यांदाच मला तू म्हणाला. "काट्याचं नाय इचारत. काटा व्हता ते मना तवाच कललं. मना बगलंस का?"

खिडकीबाहेर कावळा पत्र्यावर काहीतरी आपटत होता. मी विचार केला, नाही म्हटलं तर त्याला खोटं कळेल आणि हा डोळा काढू देणार नाही. आणि हो म्हटलं तर? हिशेब जमेना, म्हणून सरळ म्हटलं.

"सावली पाहिली."

"माजी म्हनून वलखली?"

"हो."

"आन् तरी फेकलीस."

"हो."

मग तो म्हणाला, "मी सुरी घेऊन येत व्हतो."

"दोर कापायला. तुम्ही आधी सांगितलं होतंत."

"दोर कापायाच निगालो व्हतो." पट्टीवरून हात फिरवला. "तितं तुज्या मागं पोचल्यावर नुसती दोरच कापली असती का, ते मना ठाव नाय. तुजी मान दिसत व्हती. पांढरे केस वर बांधलेले. मना ठाव नाय."

हिरा चहा घेऊन आली. तीन पेले. आम्ही तिघांनी प्यायला.

उद्या सकाळच्या गाडीने पेणला.

४ ऑक्टो.

काल काढला. हिराने कुलकर्ण्यांकडे फोन केला, दुसरा शाबूत आहे म्हणाली, बोटं मोजतो. काढलेलं काय करतात विचारलं तर नर्स तिच्यावर ओरडली.

आज दिवसभर घरातली भांडी आपटली. दोन कप फुटले, एक मुद्दाम. पपांच्या दांडीचे तुकडे बंबात घातले. चांगले जळतात, सरस असतो ना त्यात. पपा, नियम तुमचा होता, काटा मी ठेवला. आणि तुमचा तो साहेब, त्याने पाण्यावरची नजर काढून कधी कुणाच्या डोळ्यात बघितलं होतं का?

नाही, हे पपांवर ढकलायचं नाही.

१२ ऑक्टो., रविवार.

उघाडीवर गेले. रिकाम्या हाताने, चप्पल घालून, भाजी आणायला गेल्यासारखी. बिडीवाले सगळे होते. कुणी जागा दिली नाही, कुणी हाकललंही नाही. रमेश होता, मनगट प्लास्टरमध्ये. माझ्या पायाजवळ थुंकला. मी पाय हलवला नाही.

दामू कठड्यावर होता. काळा चष्मा. डब्यातून कोळंबी काढली, उजव्या हातात गळ धरला, आणि कोळंबीच्या बाजूने गळ नेला. बोटाच्या पुढे दोन इंच. परत. बोटाच्या मागे. एका डोळ्याला अंतर कळत नाही. तिसऱ्या वेळी गळ अंगठ्यात गेला, रक्त आलं. चौथ्यांदा कोळंबी निसटून पाण्यात पडली. पंधरा माणसं दुसरीकडे बघत होती. एकजण पुढे झाला, "दे रं, मी लावतो." दामूने त्याला कोपराने असा ढकलला की तो बांधावरून घसरला.

अंगठ्याला पाच वेळा लागलं. मग डबाच पाण्यात फेकला, उठला, आणि कठड्याची कड कुठे संपते ते न कळून दोन पावलं हवेत चाचपत उभा राहिला. बांधावरून हिराने येऊन हात धरला. तिचाही हात झटकला.

चाळीस वर्षं. आणि मी म्हणाले होते नुसतं बूड लागतं.

१६ ऑक्टो.

हवालदारांचा निरोप: उद्या दुपारी दामूचा जबाब, तो म्हणतो घरी नको, उघाडीवर या. मलाही बोलावलंय.

शालूला फोन केला. मी उद्या पहिला जबाब बदलणार, खरं सांगणार. पाच मिनिटं ओरडली. तुरुंग, अब्रू, माझ्या मुलीचं लग्न ठरतंय, तू कायमच अशी, आईला पण अशीच छळायचीस. मग रडली. मग फोन आपटला. तिचं सगळं बरोबर आहे.

साडी इस्त्री केली.

१७ ऑक्टो., शुक्रवार.

उधाणाचं पाणी. फळ्या वर, डोह नुसता उकळत होता. हवालदार बांधावर रुमाल अंथरून बसले, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, वारा म्हणून कागदावर दगड. रमेश त्यांच्या मागे, चांगल्या हातात कोयता. गवत कापायला आणलाय, म्हणाला. तिथे गवत नाही.

दामू कठड्यावर. शेजारी नवा डबा, कोळंबी आत तडतडत होती. हिरा बांधावर टोपली घेऊन बसलेली. मला पाहून बाजूला सरकला, एका माणसापुरतं. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या कठड्यावर बसले.

"लाव," म्हणाला. गळ माझ्या हातात दिला.

मी आजवर जिवंत आमिषाला हात लावलेला नाही. कोळंबी ओली, गार, बोटात जोराने उसळत होती. टोकदार नाक तळव्यात घुसलं. "शेपटीकडून नाय. पाठीत, वरच्या वर. काली शीर दिसते ना, ती नको फोडूस, मरंल." मी खुपसलं. कचकन् आत गेलं. तिचे पाय माझ्या बोटावर चालतच होते. माझे दात इतके आवळलेले की कानशील दुखलं.

त्याने दोर टाकली. बिडी लावली.

"तर बाई," हवालदार म्हणाले, "तुमचं आधी लिहिलंय. फक्त म्हात्र्यांचं..."

"माझं खोडा," मी म्हटलं. "लिहा, मागे माणूस आहे हे दिसलं होतं, आणि तरी फेकली. काटा घासलेला नव्हता, तोही मुद्दाम ठेवलेला होता. लिहा."

हवालदारांनी पेन उघडलंच नाही. मागे रमेशचं एक पाऊल वाजलं, मग दुसरं. हवालदार त्याच्याकडे न बघता म्हणाले, "कोयता खाली ठेव." त्याने ठेवला नाही.

"म्हात्रे, ह्या काय म्हणतात ऐकलंत? तुमचं काय? ह्यांनी बघून मारलं, असं लिहू? तुम्ही मागे का गेला होता तेही लागेल मला. एकदा लिहिलं की मग माझ्या हातात नाही, वर जाईल."

दामूने बिडी ओढली. रमेश म्हणाला, "काका, सांग."

आणि दोर सरळ झाली. झटका नाही. पाण्यात कुणीतरी हाताने धरून चालायला लागावं तशी. दामू उठला. दोर मुठीत, अंगठ्यावरचे सगळे चिरे परत उघडले, दोरीवरून रक्त खाली ओघळायला लागलं. डोहातून जिताडा एकदा वर आला, हाताएवढं तोंड, कल्ले लाल, आणि परत खाली.

"म्हात्रे, काय लिहू?"

"गलाला हाय सायेब. थांबा."

दामू कडेकडे चालला. कड कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं. मी मागून त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि कठड्याला टाच रोवली. "दोन पावलं आहेत," मी म्हटलं. "आता एक." माशाने परत ओढलं, सदरा शिवणीवर उसवायला लागला. माझ्या पाठीशी रमेशचा श्वास ऐकू येत होता, अगदी मानेजवळ. मी वळून पाहिलं नाही.

"ढील द्या," मी म्हटलं.

"नाय देनार," दामू म्हणाला.

साडेसहा वाजलेत. घरी आले आहे, साडी चिखलाने भरलेली, तळव्यात कोळंबीचं नाक मोडून राहिलंय, सुईने काढायचंय. मासा कठड्यावर आणला त्याने, मी सांगितलेल्या पावलांवर. गळ पोटात. दंडुका हातात घेतला, पण पहिला घाव कठड्यावर बसला, दुसरा माझ्या बोटांशेजारी. मग दंडुका माझ्याकडे धरला. मी एका घावात मारला.

हवालदार उभे होते. जबाबाचा नवा कागद कोराच होता, घडी घालून खिशात ठेवला. उद्या येतो म्हणाले. दामूने जबाब दिलाच नाही, मासा उचलून हिराच्या टोपलीत टाकला आणि रमेशच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे निघाला. कोयता अजून रमेशच्या हातातच होता.